टायलरवाले सर

अमेरिकेतल्या मिडल स्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवणारी माणसांची एक जातच वेगळी. टायवर लिंकनची इवली इवली तोंडं, कॉफीच्या मगावर रूझवेल्ट. न्यू जर्सीत आमच्या मुलीच्या वाट्याला आलेले सर याच जातीचे. वॉशिंग्टनला ते एका तासात उरकतात, तोही चेरीच्या झाडाची गोष्ट बनावट आणि त्याची कवळी लाकडी नव्हे, हस्तिदंताची आणि माणसांच्या दातांची, हे सांगण्यात. लिंकन तर घरचाच, त्याची काय ओळख करून द्यायची! सगळा जीव त्या मधल्यांवर, ज्यांची नावं अमेरिकन माणसालाही धड आठवत नाहीत.

त्यातही जॉन टायलर. 1841 मध्ये विल्यम हेन्री हॅरिसनने थंडीत पावणेदोन तास भाषण ठोकलं आणि महिन्याभरात तो वारला. अशा वेळी उपाध्यक्षाने नुसता कारभार बघायचा की राष्ट्राध्यक्षच व्हायचं, हे घटनेत स्पष्ट नव्हतं. टायलरने शपथ घेतली आणि बसला खुर्चीत! ‘हंगामी राष्ट्राध्यक्ष’ म्हणून आलेली पत्रं न फोडता परत धाडली. इथे सर खरंच एक पाकीट काढतात, पत्ता वाचतात, नाक मुरडतात आणि पहिल्या रांगेतल्या पोराच्या अंगावर भिरकावतात. हे सगळं घटनेत नीट लिहायला 1967 ची पंचविसावी दुरुस्ती उजाडली, हे सांगताना आवाज असा, जणू टायलरचं अडकलेलं पेन्शन यांनीच खेटे घालून मिळवून दिलं.

वर्गही घटनेबरहुकूम चालतो. मुलांनी गृहपाठ रद्द करण्याचं विधेयक मंजूर केलं, सरांनी व्हेटो वापरला, मुलांनी दोनतृतीयांश मतं जमवून तो उडवून लावला. हरलेले सर दिवसभर खूश. पालकसभेत मी मुलीच्या मार्कांचं विचारलं, तर ही हकिगत साग्रसंगीत ऐकवली. मार्क राहिलेच.

चटावलेल्या पोरांनी नाताळच्या सुट्टीआधी, अगदी शेवटच्या तासाला, दुसरं विधेयक आणलं: सुट्टीतला प्रोजेक्ट माफ. सरांनी ते वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि ‘मेरी ख्रिसमस’ म्हणून निघाले. रविवार सोडून दहा दिवसांची मुदत संपण्याआधी सभागृह उठलं आणि सही झालेली नसली, की विधेयक आपोआप मेलं. तिथे दोनतृतीयांश मतांचाही इलाज नाही.

आमची मुलगी सुट्टीभर चार्टपेपरवर टायलरच्या पंधरा मुलांची नावं लिहीत होती. स्पेलिंगं तपासायला अर्थात आम्ही दोघं.