शिळ्या पंगतीचे सोवळे

‘दूषित अन्न’ या संज्ञेचे दोन अर्थ संभवतात आणि त्यांपैकी एकच माणसाला ठाऊक असतो. धरणगावच्या लग्नपंगतीत उरलेले भरीत दुसऱ्या दिवशी आंबले, बट्ट्यांवर बुरशी चढली, की ते अन्न माणसाला वर्ज्य ठरते; परंतु विनॉक्सी, म्हणजे हवेवाचून जगणाऱ्या, सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने त्यात निम्मा स्वयंपाक आयताच झालेला असतो. हे सूक्ष्मजीव अन्नाची आधी आम्ले करतात आणि त्यांपासून मिथेन, म्हणजे बायोगॅसमधील जळणारा वायू. त्यांना मानपान नसतो, आहेर लागत नाही. अख्खी पंगत एकदम ओतल्यास मात्र आम्ल साचून मिथेन करणारी मंडळी काम थांबवतात, आणि असे अपचन व्याह्यांनाही अपरिचित नाही.

या सूक्ष्मजीवांचे सोवळे वेगळेच आहे. प्लास्टिकचा चमचा, बाटलीचे झाकण, चकचकीत द्रोण यांना ते शिवत नाहीत. हा ऐवज पंपात अडकतो आणि टाकीत साय धरतो. दूषित या शब्दाचा दुसरा आणि खरा अर्थ हाच. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या संयंत्रात अन्नाचा लगदा करून, गरम पाणी व हवा देऊन, त्याचे पूर्वपाचन करतात आणि मगच तो बंद टाकीत सोडतात. त्याचे नाव ‘निसर्गऋण’; निसर्गकवी बालकवींचे जन्मगाव असलेल्या धरणगावी तरी ते परके वाटू नये. शिवाय या सूक्ष्मजीवांना ३५ ते ३७ अंशांची ऊब मानवते आणि धरणगावचा वैशाख ती हातचे न राखता, किंबहुना गरजेहून अधिकच, पुरवतो.

घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करावयास सांगितले. अनेक गावांत ओल्या-सुक्याचे द्वैत दारातील दोन रंगांच्या डब्यांपुरते टिकते आणि घंटागाडीच्या पोटात शिरताच त्याचे अद्वैत होते. वेदान्ताला शतके लागली ते काम तेथे एका फेरीत उरकते. मग वर्गीकरणाऐवजी संयंत्राचे भूमिपूजन होते, कारण त्याला एक नारळ पुरतो. त्या नारळाची करवंटी मात्र, लाकडाला कठीणपणा देणाऱ्या लिग्निन या द्रव्यामुळे, अशा संयंत्रात घालू नये असे पदार्थ सांगताना आरंभीच मोजली जाते.