कागदमामा

मावसबहिणीने रविवारी जेवता जेवता सांगून टाकलं, की आम्ही दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलंय. मावशीने पदर डोळ्यांना लावला. काकांनी टीव्ही बंद केला, जो त्यांनी टाळेबंदीतही कधी बंद केला नव्हता. मामांनी आमटीचा भुरका पुरा केला, वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "लग्नपत्रिका आहे का गं एखादी शिल्लक?"

मावशी रडायची थांबली. "दादा, पोरीचा संसार मोडतोय!"

"म्हणून तर विचारतोय. जुळवताना जन्मपत्रिका लागते, मोडताना लग्नपत्रिका."

असा एक मामा प्रत्येक घराण्यात असतो. कुठे तो काका असतो, कुठे थोरले दीर, कुठे आत्याचे यजमान. लग्नात तो वरातीत नाचत नाही. तो दाराजवळ टेबल टाकून आहेराची वही लिहीत बसतो आणि पाकिटातल्या शंभराच्या नोटेवर एकाचं नाणं चिकटवलंय की नाही तेही तपासतो. आमचे मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला. कारकुनी चालूच आहे. त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीत पंच मशीन, हिरवे टॅग, शाईचा पॅड, डिंकाची बाटली (गोंदाची कांडी पावसाळ्यात सुटते, हे त्यांचं ठाम मत) आणि घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्ट फोटोंची पाकिटं असतात. त्यात २००९ साली वारलेल्या आजोबांचंही एक आहे. "लागतो कधी कधी," असं मामा म्हणतात, आणि लागतोही.

घटस्फोट मागायचा तर आधी लग्न झालं होतं हे कोर्टाला दाखवावं लागतं. सहाशे पानं उठली, बँडवाल्याने दोन तास कान फोडले, नवऱ्यामुलाचे बूट चोरीला गेले, पण यातलं काहीच पुराव्यात बसत नाही. बसतं ते नोंदणीचं प्रमाणपत्र, पत्रिका आणि फोटो. प्रमाणपत्र होतं, कारण महाराष्ट्राचा १९९८चा कायदा लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायला सांगतो, आणि मामांनी नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि भटजी अशी वरात अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी निबंधकाच्या दारात नेली होती. मधुचंद्राचे फोटो अजून कोणी बघितले नव्हते, तेव्हा मामांनी प्रमाणपत्राच्या सहा सत्यप्रती काढून ठेवल्या.

पण त्याच प्रमाणपत्राने घोटाळा केला. आमच्याकडे नवरा अंगठीने तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. पुढे ते नाव कोणी हाक मारायलासुद्धा वापरत नाही. प्रमाणपत्रावर मात्र तेच. आधारवर माहेरचं नाव, पॅन आणि पासपोर्टवर पहिलं नाव माहेरचं, शेवट सासरचा. "कागदावर तीन बायका दिसतात," मामा जावयाला म्हणाले. "तुम्हाला नक्की कोणापासून मोकळं व्हायचंय?" मग या तिन्ही नावांची व्यक्ती एकच, अशा प्रतिज्ञापत्राची तयारी झाली.

पत्रिका मावशीच्या धान्याच्या डब्याखाली सापडली. गणपती, मुहूर्ताची वेळ मिनिटांसकट, दोन्ही घरच्या निमंत्रकांची पलटण, आणि तळाशी चिमुरड्यांच्या नावाने छापलेलं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' हे आर्जव आता दस्तऐवजांच्या यादीत अनुक्रमांक दोनवर आहे. फोटोचं आणखी अवघड. अल्बम तिघांनी उचलायचा इतका जड, पण त्यात दोघांचे चेहरे स्पष्ट, मुंडावळ्या बाजूला आणि गळ्यात मंगळसूत्र दिसतंय असा फोटो एकच निघाला. त्यात दोघांच्या मधोमध मामा उभे, हातात अक्षतांचं ताट. मावसबहीण म्हणाली कापून टाकू. "पुराव्याला कात्री लावायची नसते," मामा म्हणाले. त्यामुळे या प्रकरणात मामा कायमचे दाखल आहेत.

मामांचं कायद्याचं ज्ञान वकिलिणीला आधी आवडलं नाही, नंतर तिने ते वापरायला सुरुवात केली. हिंदू विवाह कायदा १९५५चा, पण दोघांच्या संमतीची १३-ब ही वाट त्यात १९७६ साली घातली. त्याआधी एकाने दुसऱ्याचा दोष दाखवावा लागे. १३-ब साठी किमान एक वर्ष वेगळं राहणं लागतं. 'वेगळं' म्हणजे वेगळ्या छपराखाली असं मात्र नाही. नवरा-बायको म्हणून न राहणं एवढाच त्याचा अर्थ, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये सांगितलंय. हे कळल्यावर काका जरा गप्प झाले आणि मावशीनेही विषय बदलला.

अर्ज दाखल झाला की सहा महिने थांबायचं, आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी येऊन हेच मागायचं. मधल्या काळात कोणाचं मन बदललं तर संमती मागे घेता येते. सहा महिन्यांची अट न्यायालय माफही करू शकतं, २०१७च्या निकालाने; पण दीड वर्ष आधीच वेगळे राहिलेले हवेत, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, देण्याघेण्याचं मिटलेलं हवं. दीड वर्ष झालं होतं याचा पुरावा मामांच्या डायरीत होता: 'भाची आज सामानासह आली. टेम्पो रु. १८००. पावती घेतली.'

अर्जाचा मसुदा आला तेव्हा मामांनी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात वादी नाही, जाबदेणार नाही, नुसते अर्जदार क्रमांक एक आणि अर्जदार क्रमांक दोन. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "लग्न झाल्यापासून दोघं पहिल्यांदाच एका बाजूला आहेत."

खरा दिवस होता तो संमतीच्या अटींचा. मावशीच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला जावई, मध्ये मामा आणि आहेराची वही. मामा त्याला शेवटपर्यंत 'जावईबापू' म्हणत होते. हुकूमनामा निघेपर्यंत पद रिक्त होत नाही असं त्यांचं म्हणणं. स्त्रीधनाची यादी सुरू झाली. पाटल्या तिच्या. चांदीचं ताट तिचं. पैठणी, सासूने दिलेली, तिचीच. स्त्रीधन कोणी दिलं यावर ठरत नाही, कोणाला दिलं यावर ठरतं, हे सांगताना मामांनी टेबलावर बोट आपटलं. मग पान चौदा.

"पुरणयंत्र, पितळी. साताऱ्याची आत्या."

"माझ्या आत्याने दिलंय," जावई म्हणाला.

"तू एकदा तरी फिरवलंयस का त्याचं दांडकं?" बहीण म्हणाली.

दहा मिनिटं पुरणयंत्रावर गेली. दोन खोल्यांच्या फ्लॅटचं चार मिनिटांत मिटलं होतं. मामांनी मध्ये तोंड घातलं नाही, पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागले. "भिंतीवरची घड्याळं, अकरा. गणपतीच्या फ्रेमा, नऊ. काचेचे बाऊल, सहाचे सात सेट." दोघांनी एकदमच 'मला नको' म्हटलं. मग एकमेकांकडे बघून दोघांना हसू फुटलं. मावशीला आशा वाटली आणि ती चहा ठेवायला धावली. मामांनी तिला दारातच हाताने थांबवलं आणि लिहिलं: 'बाऊल सेट, नग ७, उभय अर्जदारांस नको असल्याने मावशीकडे.' पुरणयंत्र अखेर बहिणीकडे गेलं. होळीला पोळ्यांचा डबा पाठवायचा, ही अट वकिलिणीने काढून टाकली. तोंडी राहिली.

मामा चिडतात ते एकाच गोष्टीवर. शेजारचा मुलगा एकदा स्टँप पेपर घेऊन आला. 'आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत', दोन सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. पुढच्या महिन्यात दुसरं लग्न ठरलेलं. मामांनी तो कागद उजेडात धरला. "शिक्का छान उमटलाय. आता याच्यात वडापाव बांधून घे." समाजाची रूढीच फारकत मानत असेल आणि ती सिद्ध करता येत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी हिंदू लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय मोडत नाही. पहिली बायको असताना दुसरं लग्न हा गुन्हा आहे, पूर्वी दंड संहितेचं कलम ४९४ होतं, आता न्याय संहितेचं कलम ८२, शिक्षा सात वर्षांपर्यंत. मुलगा पांढराफटक पडला. मामांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "पहिली लग्नपत्रिका आहे का रे?"

कोर्टात समुपदेशकांनी दोघांना आत घेतलं आणि मामांना बाहेर बसवलं. चाळीस मिनिटं ते बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी एक अनोळखी बाई फाइल उलटसुलट करत होत्या. मामांनी न विचारता पंच मशीन काढून त्यांच्या कागदांना भोकं पाडून दिली, टॅग लावला आणि वर अनुक्रमणिका लिहून दिली. त्या रडायला लागल्या. मामांना काय बोलावं सुचेना. ते म्हणाले, "पान नऊवर सही राहिलीय तुमची."

हुकूमनामा झाला त्या दिवशी मामांनी प्रमाणित प्रतींसाठी अर्ज टाकला, तीन प्रतींचा. बहीण म्हणाली एक पुरे. एक तुला, एक पासपोर्टला, आणि तिसरी कशाला हे मामांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर त्यांनी ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिच्या जन्मपत्रिकेसोबत ठेवली. दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीला ती लागते.

मला मात्र त्यांनी जाता जाता घरची लग्नपत्रिका कुठे आहे ते विचारलं. आमचं सगळं ठीक आहे म्हटलं, तर म्हणाले, "ठीक आहे तेव्हाच शोधावी. घाईत सापडत नाही." गेले तीन दिवस आम्ही दोघं माळा उपसतोय. पत्रिका अजून मिळालेली नाही. तुमची कुठे आहे, तेवढं बघून ठेवा.