आचारसंहिता लागू आहे

माझ्या वैयक्तिक आचारसंहितेत अकरा कलमं आहेत आणि त्यांपैकी नऊ इतरांनी पाळायची आहेत. रात्री दहानंतर मिक्सर लावू नये. आपल्या मोबाइलवरची गाणी लोकलच्या सगळ्या डब्याला ऐकवू नयेत. कुणी बोलत असताना मध्ये तोडू नये, विशेषतः मी बोलत असताना. उरलेली दोन माझ्या वाट्याची: खरं बोलावं, आणि आठवड्यातून एक दिवस मटण-मासे खाऊ नयेत. तेही पृथ्वीसाठी, देवासाठी नव्हे. त्यासाठी सोमवार निवडला तो आठवड्याची सुरुवात म्हणून. शंकराचा काही संबंध नाही, अशी टीप वहीत मुद्दाम घालून ठेवली आहे.

कुठल्याही धर्मग्रंथाची काठी न टेकता निव्वळ स्वतःच्या विवेकावर चालायचं, हे मी जाहीर केलं तेव्हा बायको मेथी निवडत होती. "आजपासून माझी स्वतःची आचारसंहिता," मी म्हणालो. तिनं मान वर केली नाही. "अहो, कधीपर्यंत? निकाल लागेपर्यंत का?"

तिचा दोष नाही. आपल्याकडे आचारसंहिता लागते ती निवडणुकीच्या आधी. नारळ फुटायचे थांबतात, कोनशिलांवर कागद चिकटतात, आणि निकाल लागला की सगळं मागल्या पानावरून पुढे. माझे संकल्प तिनं लग्नापासून पाहिले आहेत.

माझा आदर्श मात्र थोर होता. बेंजामिन फ्रँकलिननं तरुणपणी नैतिक परिपूर्णता गाठायचं मनावर घेतलं आणि सद्गुणांची यादी केली, कुठल्याही पंथाचं खास मत तीत शिरणार नाही अशा बेतानं. वहीत वारांचे सात रकाने तांबड्या शाईनं आखले. जो गुण ज्या दिवशी हुकला तिथं काळा ठिपका. आठवड्याला एक गुण, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार फेऱ्या. यादी मुळात बाराचीच होती. एका क्वेकर मित्रानं "लोक तुला गर्विष्ठ समजतात" असं सांगितलं, तेव्हा तेरावी नम्रता आली. पुढे जुने ठिपके खरवडून खरवडून वहीला भोकं पडली, म्हणून त्यानं हस्तिदंती पानांची वही घेतली, ओल्या स्पंजानं पुसता येणारी. मी हस्तिदंत वगळून सगळं उचललं.

हाच फ्रँकलिन एके काळी शाकाहारी होता. बोस्टनहून निघालेल्या जहाजावर लोकांनी कॉड मासा तळायला घेतला आणि वास याच्या नाकात गेला. तेव्हा त्याला आठवलं की मोठा मासा चिरला की त्याच्या पोटातून लहान मासे निघतात. मासेच माशांना खातात तर मी का खाऊ नये, असा निवाडा झाला आणि गृहस्थ पोटभर जेवले. विवेकी प्राणी असणं किती सोयीचं असतं, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. आरोपी आपण, वकील आपण, न्यायाधीशही आपणच, आणि पुराव्यादाखल समोर तळलेला मासा. असा खटला आजवर कुणी हरलेला नाही.

माझा खटला ऑफिसातल्या एका बढतीच्या पार्टीत उभा राहिला. वार अर्थातच सोमवार. शेजारी एक माळकरी सहकारी बसले होते. वाढपी रस्सा घेऊन आला तशी त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला नुसतं बोट लावलं. वाढपी "माउली" म्हणाला आणि त्यांच्यासाठी आतून पिठलं घेऊन आला. मग माझ्याकडे वळला.

"मी आज खात नाही."

"उपवास?"

"नाही. तत्त्व म्हणून."

मग काय विचारता. सगळं टेबल माझ्या तत्त्वाभोवती गोळा झालं. एकानं प्रथिनांचा हिशेब मांडला, दुसऱ्यानं झाडांनाही जीव असतो हे जगदीशचंद्र बोसांच्या हवाल्यानं ऐकवलं, तिसऱ्यानं माझ्या पायांतले चामड्याचे बूट सगळ्यांना दाखवले. माळकरी सहकारी शांतपणे पिठल्यावर तेल घेत होते. शेवटी मी म्हणालो, "अहो, माझा सोमवार असतो." क्षणात सगळे आपापल्या ताटाकडे वळले. वाढप्यानं वाटी उचलली, वर "आधी सांगायचं ना साहेब" म्हणाला. विवेकाचं कलम वाचवण्यासाठी खरेपणाचं कलम मोडलं, आणि जामीन राहिला साक्षात शंकर.

तेव्हापासून मला धर्मशास्त्राचा मत्सर वाटतो. लोक त्याला कडक समजतात, पण वाचून पाहा. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी शास्त्रकारांनी आधीच काढून ठेवल्या आहेत: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. ब्राह्मणाची इच्छा यादीत कुणी घातली हे मी सांगायला नको. कंदमुळाच्या खुर्चीवर पुढे अमेरिकेतून आलेला बटाटा येऊन बसला आणि उठलाच नाही. शिवाय स्वतःला झेपत नसेल तर मुलगा, भाऊ किंवा बायको यांनी आपल्या वतीनं व्रत केलं तरी चालतं. आपल्या समाजानं या सवलतीतला मुलगा आणि भाऊ केव्हाच खोडला. काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली पंढरपुरात 'धर्मसिंधु' पुरा केला, त्यात एकादशी नेमकी कोणत्या दिवशी धरायची याचीच केवढी खलबतं आहेत. त्या खलबतांमुळेच आजही कॅलेंडरात कधीकधी स्मार्त एकादशी आज आणि भागवत एकादशी उद्या असते. आमच्याकडे साबुदाणा ज्या दिवशी भिजतो, त्या दिवशी एकादशी.

पण या सगळ्यात माझा जीव अडकला आहे तो कांदेनवमीत. आषाढ शुद्ध नवमी. दोन दिवसांनी देव झोपणार, चातुर्मास लागणार, कांदा-लसूण-वांगं बंद होणार. तर त्याआधी एक दिवस फक्त कांद्याचा. सकाळी कांदेपोहे. दुपारी भरले कांदे, पीठ पेरलेली कांद्याची भाजी, दह्यातली कोशिंबीर, आणि पोळीच्या जागी कांद्याचं थालीपीठ, मधल्या भोकात तेल सोडून खरपूस केलेलं. संध्याकाळी पाऊस धरून आला असेल तर खेकडाभजी, म्हणजे उभा चिरलेला कांदा मीठ लावून सुटलेल्या पाण्यातच पिठात कालवायचा, वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. (घालणाऱ्यांसाठी माझ्या संहितेत बारावं कलम विचाराधीन आहे.) जाणकार सांगतात की यामागे शेतीचा हिशेब आहे. उन्हाळी कांदा चाळीत भरलेला असतो, पावसाची दमट हवा लागली की त्याला कोंब फुटतात, तो सडतो, म्हणून आधीच संपवायचा. असेलही. मला त्यामागे मनुष्यस्वभावाचा हिशेब दिसतो. ज्यानं हे ठरवलं त्याला ठाऊक होतं की माणूस सोडायला तयार होतो तो पोट भरल्यावर. आणि परतीची सोयही त्यानं करून ठेवली. वांग्यासाठी मार्गशीर्षातली चंपाषष्ठी आहेच, तेव्हा खंडोबालाच भरीत-रोडग्याचा नैवेद्य लागतो. व्रताला आरंभ आहे, मध्ये सवलती आहेत, शेवटी उद्यापन आहे. माझ्या वहीत काय आहे? काळे ठिपके.

माझी वही मी कुठल्या तरी अधिक चांगल्या माणसासाठी लिहिली होती. तो अजून आमच्याकडे राहायला आलेला नाही.

शास्त्रात माझ्यासारख्यांना अगदीच जागा नाही असं मात्र नाही. मनुस्मृतीनं धर्म ओळखण्याची चार गमकं दिली आहेत: श्रुती, स्मृती, सज्जनांचं आचरण, आणि रांगेत सर्वांत शेवटी, आपल्या मनाचं समाधान. टीकाकारांनी या चौथ्याला लगेच कुंपण घातलं, की हे मन सज्जनाचं हवं आणि तेही जिथं दोन वाटा मोकळ्या असतील तिथंच. कुंपण का घातलं, ते 'शाकुंतला'चा पहिला अंक वाचला की कळतं. झाडाआडून शकुंतलेला न्याहाळणारा दुष्यंत स्वतःला समजावतो, की ज्या अर्थी माझं थोर मन हिच्याकडे ओढ घेतंय, त्या अर्थी ही क्षत्रियाला वरण्याजोगीच असली पाहिजे. फ्रँकलिनचा मासा आणि दुष्यंताची शकुंतला एकाच कोर्टात निकाली निघाली. पुढे महाराज तिला विसरले. त्याचं खापर शापावर फोडायची सोय कालिदासानं केली, म्हणून ते सुटले.

इथंवर मी हसत लिहिलं. एका गोष्टीचं हसू येत नाही. जिभेसाठी इतक्या पळवाटा ठेवणाऱ्या रीतीला नवरा गेलेल्या बाईसाठी एकही सापडली नाही.

माझी मोठी काकू सगळं पाळायची. चातुर्मास, सोळा सोमवार, हरतालिका, सगळं. मी तिची पुष्कळ थट्टा केली आहे. काका माघात गेले. चैत्रात काकूनं नेहमीसारखी चैत्रगौर मांडली, आंब्याची डाळ वाटली, पन्हं केलं, हरभरे भिजवले आणि आळीत हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवलं. थोड्या बायका आल्या. बऱ्याच आल्या नाहीत. न आलेल्यांच्या घरी तिनं डबे धाडले आणि ते पोहोचवायला मला. एका घरून डबा तसाच परत आला. काकूनं तो उघडला, आम्ही दोघांनी ती डाळ खाल्ली, आणि पुढच्या चैत्रात त्या घरी पुन्हा डबा गेला.

मोठा झाल्यावर, म्हणजे विवेक वगैरे फुटल्यावर, मी तिला विचारलं, "काकू, हे तू कशाच्या आधारावर केलंस?" मला वाटलं होतं, काही विचार ऐकायला मिळेल, वहीत उतरवून घेता येईल.

"अरे, डाळ भिजत घातली होती," ती म्हणाली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२मध्ये. काकू तोवर राहिली नव्हती. असती तर तिला ठरावाचं कौतुक वाटलं असतं आणि एवढ्यासाठी ठराव लागतो याचं नवल. धर्मशास्त्र आणि माझी वही यांच्यात श्रेष्ठ कोण, हा वाद मी काकूपुरता निकालात काढला आहे: दोघंही तिच्याहून खाली.

बाकी, कांदेनवमीला आमच्याकडे भजी असतात. चातुर्मास पाळणाऱ्यांनी यावं, न पाळणाऱ्यांनी जरूर यावं. तत्त्व म्हणून न खाणाऱ्यांनीही यावं, फक्त कारण सांगू नये.