स्वयंपूर्ण गाठोडे

सोलापुरी चादरीवर नक्षी उमटवणारी जॅकार्ड यंत्रणा १८०४ सालापासून छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या आज्ञा मुकाट्याने पाळत आली; त्याच पुठ्ठ्यांच्या वंशातला लिनक्स सर्व्हर मात्र तितका आज्ञाधारक उरलेला नाही. त्यावर चालवला जाणारा ‘कंटेनर’, म्हणजे आज्ञावली आणि तिची सारी सामग्री एकत्र बांधलेले गाठोडे, कोठेही चालण्याची ग्वाही देते. परंतु ते यजमान यंत्राचाच कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, वापरत असल्यामुळे ग्राफिक्स कार्ड हाताळणारा ड्रायव्हर यजमानालाच बसवावा लागतो, शिवाय गाठोड्याची आणि ड्रायव्हरची गाठ घालून देणारे ‘टूलकिट’ही अनेकदा वेगळे आणावे लागते. पुढे सुरक्षेसाठी कर्नल अद्ययावत झाला, की जुन्या कर्नलकरिता घडवलेला ड्रायव्हर असहकार पुकारू शकतो. तरीही गाठोड्यास स्वयंपूर्ण म्हणण्याची शास्त्रीय प्रथा अबाधित राहते.