कलमात बसणारं विमान

आमच्या दाजींना उडायचं आहे, असा ओहायोतल्या त्यांच्या शेजाऱ्यांचा समज आहे. गॅरेजमध्ये गाडीच्या जागी एक सांगाडा उभा, वर लांबलचक पाती, पाठीमागे इंजिन. शेजाऱ्यांनी दुसरं काय समजायचं? मी मात्र दाजींना पुण्यापासून ओळखतो. बंद केलेली बाल्कनी महापालिकेच्या नियमात बसवून दाखवणारा हा गृहस्थ. यांना हवेत जायचं नाही, कलमात बसायचंय.

"दाजी, हे हेलिकॉप्टर ना?"

"छे! हेलिकॉप्टरची पाती इंजिन फिरवतं. ही आपली वाऱ्यावर फिरतात. जायरोप्लेन! स्पेनच्या सिएर्व्हाने 1923 मध्ये उडवून दाखवलंय."

"मग हे बाजूला पंख कसले?"

दाजींनी आवाज खाली आणला. "ते काढता येतात. विचारणारा कोण आहे, ते बघायचं."

अशा माणसांची अमेरिकेत चंगळ आहे. तिथल्या विमान कायद्याचा 103 वा भाग म्हणजे तर दाजींची पोथीच. रिकाम्या यंत्राचं वजन 254 पौंडांच्या आत, म्हणजे साधारण 115 किलो, बसणारा एकटा, टाकीत जास्तीत जास्त पाच गॅलन पेट्रोल, वेग 55 नॉटच्या वर नाही. एवढं सांभाळलं की ते 'अल्ट्रालाइट'. मग नोंदणी नको, तपासणी नको, वैमानिकाचा परवानासुद्धा नको. दिवसाउजेडी उडा, वस्तीवरून जाऊ नका, बस्स. वजनात जरा पुढे गेलात, तर तेच धूड विमान ठरतं आणि नंबर, तपासनीस, परवाना असं सगळं शुक्लकाष्ठ मागे लागतं.

दाजींचं यंत्र भरलं 257 पौंड.

त्या तीन पौंडांपायी अख्खा हिवाळा गेला. ताईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅरेजमध्ये गेला, तो परत आला तेव्हा त्याला ग्रीसचा वास येत होता. एकेक बोल्ट तोलला गेला. सीटच्या पत्र्याला इतकी भोकं पडली की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वरून वाचता यावा. शेवटी रंग खरवडायला घेतला, तेव्हा ताई म्हणाली, "त्यापेक्षा पोट कमी करा की!"

"वैमानिकाचं वजन धरत नाहीत," असं म्हणून दाजींनी दुसरा लाडू उचलला.

संकटात उघडायच्या पॅराशूटचं वजनही यातून वगळतात, हे सापडलं त्या रात्री त्यांना झोप नाही. तेव्हापासून गॅरेजमधली प्रत्येक वस्तू जीव वाचवणारी ठरू लागली. हेल्मेट अडकवायची खुंटीसुद्धा.

त्यांचं दैवत म्हणजे लॅरी वॉल्टर्स. 1982 च्या जुलैत या ट्रकचालकाने लॉस एंजेलिसजवळ अंगणातल्या खुर्चीला चाळीसेक हवामानाचे फुगे बांधले आणि तो सोळा हजार फुटांपर्यंत जाऊन आला. त्याने कायदा मोडलाय हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. कुठलं कलम, ते सुरुवातीला ठरेना. वैमानिकाचा परवाना निलंबित करावा, तर त्याच्याकडे तो नव्हताच! लोक त्याच्या धाडसाबद्दल बोलतात. दाजी मात्र ते लवकर न सापडलेलं कलम आठवून हळवे होतात.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. यादवांना खरोखरच उडायचं होतं, त्यामुळे त्यांचा जीव किती टांगणीला लागला असेल, कोण जाणे. दाजींना वाटतो तो हेवा. "केवढ्या फायली वाचायला मिळाल्या असतील रे त्यांना!"

अखेर काटा 253 वर आला आणि दाजींचा त्या यंत्रातला रसच गेला. आता दोन आसनी विमान बांधायला घेतलंय. ते 'प्रायोगिक' वर्गातलं. यात निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असावं लागतं, एकावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात तो. पुराव्यादाखल नोंदवही आणि फोटो. त्यामुळे ताई रिव्हेट धरून उभी असलेले फोटो ढिगाने निघालेत. लग्नानंतर तिचं काम पहिल्यांदाच कुणाच्या तरी हिशेबात धरलं जातंय, तेही अमेरिकन सरकारच्या.

परवा दाजी प्रवाशाच्या सीटसमोर पाटी डकवत होते. ती सक्तीची असते: हे विमान हौशी माणसाने बांधलेलं असून प्रमाणित विमानांसाठीच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. जन्मभर सगळं नियमात बसवलेल्या माणसाला नियमानेच हे लिहायला लावलं. दाजींचा चेहरा पडला होता.

ताईने चष्मा लावून पाटी दोनदा वाचली. म्हणाली, "ही आमच्या लग्नपत्रिकेवर छापायला हवी होती."