टॉवेलची दांडी

गुरुजी म्हातारे झालेले नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं बांधकाम या एकाच गोष्टीवर उभं आहे.

त्यांची जन्मतारीख १ जून. ती त्यांना पहिलीत घालताना त्यांच्या गुरुजींनी दिली, आणि पुढे नोकरीभर त्यांनी स्वतः निम्म्या नवापूर तालुक्याला तीच वाटली. कागदाने ३१ मेला अठ्ठावन्न पुरी करून त्यांना घरी पाठवलं, तेव्हापासून त्यांचा कागदावरच्या वयावर विश्वास नाही. एस.टी.त पासष्टीनंतर अर्धं तिकीट लागतं. गुरुजी नंदुरबारचं पूर्ण तिकीट काढतात. शेजारच्या सीटवर त्यांची बायको, आक्का, मात्र अर्ध्यात. १७ मार्च २०२३ पासून बायकांना वय न सांगता ही सवलत आहे. "दोघांचं मिळून सरासरी पाऊण पडलं," एवढं बोलून गुरुजी खिडकीबाहेर बघतात. गणिताचे मास्तर.

असे गुरुजी आमच्या खांडबाऱ्यात एकटे नाहीत. निवृत्त ग्रामसेवक आहेत, कंडक्टर आहेत, रेल्वेतून उतरलेले आहेत. सुरतेच्या गाडीला आज किती उशीर आहे हे एकमेकांना सांगून झालं की उरलेल्या दिवसाचं करायचं काय? घराचं काम काढायचं.

गुरुजींचं घर म्हणजे तालुक्याचा इतिहास. मूळ घर वडिलांचं : सागाचे खांब, वर कौलं, दीड फुटाचा ओटा, दाराला जाडजूड उंबरा. संडास नंदुरबार जिल्हा झाला त्या सालचा, १९९८चा. न्हाणी २००६ची. त्या वर्षी बर्ड फ्लूने नवापूरच्या कोंबड्या गेल्या. गुरुजींचंही खुराडं रिकामं झालं, त्याच जागेवर न्हाणी आली. अजून पावसाळ्यात तिथे कोंबडीचा वास येतो असं आक्का म्हणतात. मग आली निवृत्ती. ग्रॅच्युइटी हातात, शिवाय नियमात बसते तेवढी, म्हणजे ४० टक्के पेन्शन गुरुजींनी विकली. विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी पूर्ववत होते. तेव्हा त्र्याहत्तरीपर्यंत आपल्याला काही होणार नाही हे शासनानेच ठरवून दिलंय, असं ते धरून चालतात.

हा सगळा पैसा गेला वर. स्लॅब, जिना आणि दोन पोरांच्या दोन खोल्या, मोरबीच्या आरशासारख्या फरशीसकट. एक पोरगा सुरतेला, दुसरा पुण्याला. दिवाळीत दोन रात्री त्या खोल्यांत माणसं झोपतात, एरवी मिरच्या वाळतात. माझं स्पष्ट मत असं की आपल्याकडची निम्मी निवृत्ती वरच्या मजल्यावर खर्ची पडते, आणि गुडघे खालच्या मजल्यावर राहतात.

ते गुडघे आक्कांचे. गुरुजींचे नाहीत. गुरुजी जिन्यावर मध्येच थांबतात ते भिंतीला ओल आली का ते बघायला.

तर आता खालच्या मजल्याची दुरुस्ती. त्यासाठी दोनशे पानी वही घातली आहे आणि वहीत प्रत्येक कामापुढे 'कारण' असा रकाना आहे. हा रकाना हेच गुरुजींचं खरं लेखन. ओट्याला उतार : मोटारसायकल चढवण्यासाठी. कमोड : पुण्याच्या सुनेसाठी. न्हाणीत खडबडीत फरशी : पाहुण्यांच्या लहान मुलांसाठी. पलंगाजवळ दिव्याचं बटण : वीजबचतीसाठी. न्हाणीचं दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं : वॉशिंग मशीन आत नेण्यासाठी. वॉशिंग मशीन घरात नाही.

उताराने मात्र घोळ घातला. धाकट्याने पुण्याहून फोनवर सांगितलं की चाकाच्या खुर्चीला एकास बारा उतार लागतो. "खुर्ची कुणाची?" असं गुरुजींनी विचारलं खरं, पण गणित समोर आलं की ते सोडवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. दीड गुणिले बारा, अठरा फूट. सरळ काढला तर उतार रस्ता ओलांडून समोरच्या किराणा दुकानात उतरतो. गवंडी म्हणाला, "गुरुजी, चार फुटांत काढून देतो, काय टेन्शन घेता?" गुरुजींनी त्याला तिथेच ओट्यावर खडूने काटकोन त्रिकोण काढून दाखवला. चार फुटांच्या उतारावरून माणूस चढत नाही, घरंगळतो. शेवटी ओट्याच्या कडेकडेने जाऊन कडुनिंबापाशी वळणारा उतार ठरला. गवंडी मान डोलवून गेला, तो पेरणीला. पेरणी झाली की निंदणी, दिवाळी झाली की सगळा गाव गुजरातेत कामाला, परत येणार होळीला; आणि होळीत भिंतीला हात कोण लावतो? होळी आणि पहिला पाऊस यांच्या मधल्या फटीत आमच्याकडची सगळी बांधकामं होतात, त्यातही लग्नं असतात.

तेवढ्या सवडीत गुरुजींनी पैशाचा विषय हाताळला. दुरुस्तीच्या कर्जावरच्या व्याजाला जुन्या कररचनेत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, हे त्यांना पाठ आहे. कर भरण्याइतकं उत्पन्न असतं तर त्याचा उपयोगही झाला असता. पेन्शनवर कर्ज काढायला ते बँकेत गेले. समोर कोवळा पोरगा.

"वय, सर?"

"कागदावरचं?"

"कागदावरचंच चालतं, सर."

पोरगा स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिला. मुदत फार लांब मिळणार नाही, म्हणाला.

"का?"

पोराने पंख्याकडे पाहिलं. "सिस्टीम तसं म्हणते, सर."

घरी येऊन गुरुजींनी जाहीर केलं की बँकेची सिस्टीम अडाणी आहे.

मग मोठ्याने सुरतेहून उलट्या गहाणाची योजना कळवली. ही २००७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात निघाली. साठी पुरी झालेल्याने स्वतःचं घर गहाण ठेवायचं, हप्ता बँकेने माणसाला द्यायचा, नवरा-बायको असेपर्यंत त्याच घरात राहायचं, नंतर बँक घर विकून वसूल करणार किंवा वारसांनी पैसे भरून सोडवून घ्यायचं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे भरायचं काही नाही, मरायचं तेवढं," असा त्यांनी गोषवारा काढला. पण योजना बारगळली ती तत्त्वावर नव्हे. घर स्वकष्टार्जित आणि निर्वेध लागतं, आणि गुरुजींच्या घराच्या उताऱ्यावर चार भावांची नावं आहेत. त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

पैसे शेवटी आक्कांनी उभे केले. त्यांच्या बचत गटाने कर्ज मंजूर केलं. कारण : शेळीपालन. गुरुजींनी त्या रकान्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच बायकोच्या हस्ताक्षराचं कौतुक केलं.

होळीनंतर काम झालं. उंबऱ्यावरून दोन दिवस घरात बोलणं बंद होतं, कारण हळदीकुंकू वाहिलेला उंबरा काढायला आक्का तयार नव्हत्या आणि दोनदा अडखळल्याचं गुरुजी कबूल करत नव्हते. मग जुना उंबरा मागच्या दाराला नेऊन बसवला आणि पुढे फरशीच्या पातळीत सागाची नुसती पट्टी राहिली. कुंकू आता तिला लागतं.

शेवटी राहिली कमोडच्या बाजूची दांडी. स्टीलची, दीड फूट लांब, हाताच्या मुठीत मावेल अशी. गवंडी तिला गिलाव्यात दोन स्क्रू मारून मोकळा होत होता. गुरुजींनी त्याला थांबवलं, पार विटेत भोक पाडायला लावलं, आत फास्टनर ठोकले आणि मग दोन्ही हातांनी दांडीला लटकून पाहिलं. वहीत लिहिलं होतं : टॉवेलसाठी. आक्का दारात उभ्या होत्या.

"टावेलनी दांडीले इतला जाड बोल्ट कसाले?"

"ओला टॉवेल जड असतो," गुरुजी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात निवृत्त तलाठी घर बघायला आले. सगळं फिरून पाहिलं, उतारावरून दोनदा वर-खाली केलं, मोटारसायकल कुठे ते विचारलं नाही. न्हाणीत जरा जास्तच वेळ लागला. बाहेर येऊन त्यांनी गवंड्याचा नंबर मागितला.

"आमच्याकडे पण टॉवेलची फार अडचण होते," ते म्हणाले. "मला दोन लागतील. माझा टॉवेल नव्वद किलोचा आहे."