काय की!

आमच्या डोंगरकडा गावच्या बसथांब्यावर दोन माणसं भेटली की पहिला शब्द 'काय' असतो, आणि पुष्कळदा शेवटचाही. "काय मग?" ही विचारपूस. "मग काय!" हे तिचं पुरेसं उत्तर. "केळीला भाव काय?" हा खरा प्रश्न, "काय हा भाव!" ही तक्रार, आणि "काय की" म्हणजे मला विचारू नका. नुसतंच "काय?" आवाज चढवून म्हटलं तर भांडण सुरू. 'का' विचारायला आमच्याकडे 'कामून' आहे म्हणून बरं. नाहीतर तेही ओझं या बिचाऱ्याच्याच डोक्यावर आलं असतं.

मराठीत आणखी एक 'काय' आहे, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. आयुर्वेदाच्या आठ अंगांत 'कायचिकित्सा' येते. दवाखान्याच्या दारावरची ही पाटी वाचून गावाकडचा पेशंट थबकला, "काय, चिकित्सा?" म्हणाला, तर त्याला हसू नये. हा 'काय' म्हणजे शरीर. व्याकरणकार तो 'चि' म्हणजे गोळा करणे, रचणे या धातूपासून काढतात. शरीर म्हणजे रचलेला ढीग, हे चाळिशीनंतर कुणालाही पटतं. प्रश्नातला 'काय' मात्र 'किम्'च्या घराण्यातला; हिंदीचा 'क्या', लॅटिनचा 'क्विद', इंग्रजीचा 'व्हॉट' हे त्याचे भाऊबंद. दोघं एकाच वाक्यात शेजारी बसले तरी नात्याने एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

बाहेर तर आणखी गंमत. जुन्या ग्रीकमध्ये 'काय' म्हणजे 'आणि'. बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान मूळ ग्रीकमध्ये उघडलं तर वाक्यामागून वाक्य याच शब्दाने सुरू होतं. मराठी कानाला वाटावं, सांगणाऱ्यालाच सगळ्याची शंका आहे. फिनलंडमध्ये 'काय' म्हणजे 'बहुधा'. न्यूझीलंडच्या माओरीत 'काय' म्हणजे जेवण आणि हवाई बेटांवर 'काय' म्हणजे समुद्र.

माओरी आणि हवाईयन या बहिणी-बहिणी, तरी त्यांचे हे दोन 'काय' एक नव्हेत. हवाईयनमध्ये जुन्या 'त'चा 'क' झाला, म्हणून माओरीतला समुद्राचा 'ताय' तिकडे 'काय' झाला. जुना 'क' होता तो घशातल्या एका अडखळीपुरता उरला, त्यामुळे जेवणाचा 'काय' तिथे जवळजवळ 'आय' असा ऐकू येतो. भुकेल्या पोराने 'आय' म्हणावं, हे आपल्या गावाकडेही कुणाला खटकणार नाही.

एवढ्यावर मोबाइलवरचे विद्वान लगेच सोयरीक जुळवतात: बघा, हवाईपर्यंत आपलीच भाषा! हवाईयनमध्ये व्यंजनं आहेत अवघी आठ. त्यांत संसार करायचा तर आखूड शब्द कुठल्या ना कुठल्या परक्या शब्दावर आदळणारच. नातं सांगायचं तर 'त'चा 'क' होण्यासारखा नियम शब्दामागून शब्द दाखवावा लागतो. एका 'काय'वर ते भागत नाही.

आपल्या रोजच्या उपयोगाचा परका 'काय' फार लांबचा नाही. नांदेड जिल्हा ओलांडला की तेलंगण, आणि तेलुगूत 'काय' म्हणजे कच्चं फळ. पिकलं की ते 'पंडु'. डोंगरकड्याच्या बागेतून केळीचे घड हिरवेच उतरवतात, पिकवतात ते पुढे. म्हणजे गाडीत चढताना तेलुगू हिशेबाने माल 'अरटिकाय' आणि गिऱ्हाईकाच्या हातात 'अरटिपंडु'. भाज्यांनाही हेच शेपूट: भेंडी 'बेंडकाय', मिरची 'मिरपकाय', लिंबू 'निम्मकाय'. मराठी कान घेऊन निजामाबादच्या बाजारात फिरलं तर प्रत्येक विक्रेता स्वतःच्याच मालाबद्दल साशंक वाटतो. तिथे कुणी भाजीवाली "वंकाय?" म्हणाली तर न समजता मान डोलवू नका. वांगी मोजून पिशवीत पडतील.